झेलणाऱ्यांना आलेला भाव

अहो, ऐकलंत का? अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये म्हणे एका झेलणाऱ्याला वर्षाला ४ कोटी डॉलर कबूल केलेत! हो हो, झेलणाऱ्यालाच. फेकणाऱ्याचे वेगळे. मार्च २०२५ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सनी जामार चेसशी चार वर्षांचा करार वाढवला, १६ कोटी १० लाख डॉलरचा. म्हणजे वर्षाकाठी आपले जवळपास साडेतीनशे कोटी रुपये. तेवढ्यावर थांबतील तर शपथ! त्याच सुमारास दुसरा झेलणारा, टी हिगिन्स, त्यालाही चार वर्षांचे साडेअकरा कोटी डॉलर. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक ज्यो बरो तर आधीच वर्षाला साडेपाच कोटींवर बसलेला. संघात माणसं ५३, सगळ्यांच्या पगारावर लीगने घातलेली त्या वर्षीची मर्यादा २७ कोटी ९२ लाख, आणि सरासरी काढली तर त्यातले १२ कोटी ४० लाख या तिघांचे. उरलेल्या पन्नास जणांनी काय आपसात वर्गणी काढायची?

आता चेसची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते. २०२४ च्या हंगामात त्याने १२७ झेल घेतले, १७०८ यार्ड कमावले, १७ वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केले. तिन्हीत अख्ख्या लीगमध्ये पहिला. आणि संघ? नऊ जिंकले, आठ हरले, बाद फेरीच्या आधीच घरी. पहिला नंबर काढणाऱ्या पोराच्या संघाने जानेवारी टीव्हीसमोर काढली.

या वाइड रिसीव्हर मंडळींचं काम म्हणाल तर वरवर सोपं. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, ठरलेल्या वळणांनी धावायचं, पाळतीवरच्या बचावपटूला चुकवायचं आणि आलेला चेंडू पकडायचा. पण यांना निवडायची जी तऱ्हा आहे ना, ती ऐकून तुम्ही पदर तोंडाला लावाल. दरवर्षी हिवाळा सरता सरता इंडियानापोलिसला कॉलेजातली पोरं जमवतात. वजन करतात, उंची घेतात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजाची वीत मोजतात आणि मग ४० यार्ड धावायला लावतात. आपल्याकडे मुलगी बघायला आलेले निदान ‘चालून दाखव’ म्हणायचे; इथे पळून दाखवायचं, तेही घड्याळ लावून!

बरं, एवढं बघून सून चांगली मिळते का? २०१७ मध्ये जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला. तेव्हाचा विक्रम. बेंगल्सनीच (आणखी कोण?) त्याला त्या वर्षीच्या निवडीत नवव्या क्रमांकावर उचलला. पहिल्या हंगामात त्याचे झेल किती? शून्य. आणि १९८५ साली मिसिसिपी व्हॅली स्टेट नावाच्या आडवळणाच्या कॉलेजातून आलेल्या ज्या जेरी राइसला सगळे संथ म्हणून नाकं मुरडत होते, त्याचे २२,८९५ यार्ड अजून कोणाला गाठता आलेले नाहीत.

पण खरं प्रकरण २०२० च्या ड्राफ्टचं, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलायच्या बाजाराचं. फिलाडेल्फिया ईगल्सची पाळी एकविसावी. समोर जस्टिन जेफरसन उपलब्ध. त्यांनी घेतला जेलन रेगर. बाविसावी पाळी मिनेसोटा वायकिंग्जची, त्यांनी जेफरसनला अलगद घरी नेलं. दोन वर्षांत जेफरसन १८०९ यार्डांसह लीगमध्ये अव्वल, आणि रेगर? त्याला ईगल्सनी विकून टाकला. कोणाला माहितीये? वायकिंग्जलाच! दोघं एकाच संघात. फिलाडेल्फियातल्या लोकांनी हे कसं सोसलं असेल, देव जाणे. पुढे २०२४ मध्ये जेफरसनला वर्षाला साडेतीन कोटी डॉलर मिळाले. वर्षही सरलं नाही आणि चेसने त्याला मागे टाकलं. भाव असा चढतोय की आजचा उच्चांक पुढच्या उन्हाळ्यात स्वस्त वाटावा.

आणि दुसरीकडे कॅन्सस सिटी चीफ्सची कंजुषी बघा. टायरीक हिल म्हणजे वाऱ्यासारखा पोरगा. २०२२ मध्ये त्याला त्यांनी पाच ड्राफ्ट निवडींच्या बदल्यात मायामीला देऊन टाकलं. लोक म्हणाले, आता बसा बोंबलत. चीफ्सनी त्याच्याशिवाय लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले! हिलनेही मायामीत दोन्ही हंगामांत सतराशेच्या वर यार्ड काढले, पण मायामीला बाद फेरीत एक सामना काही जिंकता आला नाही. याआधीही तेच: २०१२ मध्ये डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने १९६४ यार्डांचा विक्रम केला, त्या वर्षी संघ जिंकला चार आणि हरला बारा. असोसिएटेड प्रेसचा सर्वांत मौल्यवान खेळाडूचा किताब तर आजवर एकाही वाइड रिसीव्हरला दिलेला नाही. पैसे देताना हात सैल, मान देताना मूठ आवळलेली.

या भावाच्या आगीत तेल ओततात ते फँटसी खेळणारे, म्हणजे खऱ्या खेळाडूंची यादी करून त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवणारे. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आपली मराठी पोरंही त्यात आकंठ बुडालीत. त्यांचा हिशेब असा: दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा, आणि बऱ्याच ठिकाणी नुसत्या झेलालाही एक. म्हणजे चेंडू घेऊन जागच्या जागी आपटला तरी गुण पदरात! स्वतःचा आवडता संघ हरत असतो आणि हा मुलगा सोफ्यावर नाचत असतो, कारण हरवणाऱ्यांचा रिसीव्हर याच्या यादीत आहे. निष्ठा म्हणून काही राहिली नाही.

मला विचाराल तर झेल मोजून यांची किंमत कळायची नाही. झेलाला दोन माणसं लागतात, एक झेलणारा आणि एक फेकणारा. आता खांद्यांच्या पॅडमध्ये चिपा बसवतात आणि चेंडू येताना सर्वांत जवळचा बचावपटू किती लांब होता ते यार्डात सांगतात. ऐकायला झकास. पण ज्याच्यावर दोघांची पाळत, त्याच्याजवळ गर्दी दिसणारच. आणि त्या दोघांना त्याने गुंतवून ठेवलं म्हणून पलीकडे जो मोकळा सुटला, यार्ड लिहिले जातात त्याच्या नावावर. मी तर बघते, फेकणारा बदलला तर काय होतं. ह्यूस्टनच्या डिआंद्रे हॉपकिन्सने २०१५ मध्ये चार वेगवेगळ्या क्वार्टरबॅकांकडून चेंडू घेऊन १५२१ यार्ड काढले. याला म्हणतात हुन्नर! मग अशा माणसाला ह्यूस्टनने जपावं की नाही? २०२० मध्ये तोच ॲरिझोनाला दिला. बदल्यात एक धावणारा गडी आणि दुसऱ्या फेरीची निवड, वर चौथ्या फेरीची किरकोळ देवघेव. तेव्हाचा गहजब विचारू नका.

जाता जाता एक सांगते, बाहेर बोलू नका. जानेवारी २०२५, बाद फेरीत ईगल्सचा ग्रीन बेशी सामना. त्यांचा महागडा रिसीव्हर ए. जे. ब्राउन मैदानाबाहेर बाकावर बसून चक्क पुस्तक वाचत होता! कॅमेऱ्यांनी बरोब्बर टिपलं. लोक म्हणाले, रुसला, चेंडू देत नाहीत म्हणून. तो म्हणाला, मी प्रत्येक सामन्यात वाचतो, मन थाऱ्यावर राहतं. ते पुस्तक बघता बघता ॲमेझॉनवर खपात पहिलं. ब्राउनचा त्या दिवशी एक झेल, दहा यार्ड. फँटसीच्या हिशेबाने गुण दोन.