कव्हरस्लिप, नेलपेंट व साठवण

प्रतिदीप्त रंगाने रंगवलेला नमुना काचपट्टीवर बसवण्याला प्रयोगशाळेत ‘माउंट करणे’ म्हणतात. हा रंग एका तरंगलांबीचा प्रकाश घेतो आणि त्याहून जास्त लांबीचा परत देतो. डॅपी ३५८ नॅनोमीटरचा अतिनील घेऊन ४६१चा निळा देतो. एफआयटीसी ४९५चा घेऊन ५१९चा हिरवा. ही देवघेव कायम चालत नाही. प्रकाश पडला की काही रेणू, बहुधा ऑक्सिजनच्या संगतीने, कायमचे विझतात. म्हणजे नमुना पाहिल्याने झिजतो. प्रस्तुत लेखकाने हे वाक्य उपनगरातल्या एका कॉलेजात सतरा वर्षे शिकवले. परीक्षेत ते न लिहिणाऱ्यांचे गुणही कापले.

पहिला टप्पा माध्यमाचा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, काचेचा १.५२ आणि ग्लिसरॉलचा १.४७, म्हणून काचेच्या जवळचे ग्लिसरॉल घेतात. नव्वद टक्के ग्लिसरॉलमध्ये बफर मिसळून सामू साडेआठच्या आसपास ठेवतात, कारण आम्लात एफआयटीसी मंदावतो. त्यात डॅबको किंवा प्रोपिल गॅलेट घालतात. ते रंगाचे विझणे लांबवते. याला ‘अँटिफेड’ म्हणतात. हात चांगला असला की अँटिफेड लागत नाही, असे लेखकाचे मत होते. हात चांगला असलेल्या सुगरणीही मीठ घालतात, हे त्याच्या लक्षात आले नाही.

दुसरा टप्पा कव्हरस्लिपचा. तिची जाडी ०.१७ मिलिमीटर हवी. भिंगाच्या अंगावर तोच आकडा कोरलेला असतो. दुकानात ‘नंबर दीड’ असे मागावे, नुसते ‘कव्हरस्लिप’ म्हटल्यास पातळ नंबर एक मिळण्याचा संभव असतो. थेंब लहान घ्यावा. कव्हरस्लिपची एक कड टेकवून दुसरी सुईने सावकाश खाली आणावी. घाई केल्यास बुडबुडा शिरतो. तो लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारखा असतो: एवढीशी जागा मागतो आणि मग उठत नाही.

या रीतीने लेखकाची एक स्लाइड खरोखर जमली. कांद्याच्या मुळाच्या टोकातली पेशी, दोन बाजूंना निघालेली निळी गुणसूत्रे, मध्ये हिरवे तंतू.

तिसरा टप्पा सीलबंदीचा. न सुकणाऱ्या माध्यमाची कव्हरस्लिप घसरते, म्हणून कडा बंद करतात. त्यासाठी खास द्रव्ये मिळतात. परंतु जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात ते नेलपेंट. नेलपेंट म्हणजे इथिल व ब्युटिल ॲसिटेटमध्ये विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज. मुंबईत ते सर्वांत स्वस्त मिळते ते लोकलच्या लेडीज डब्यात, आणि तिथे लेखकाला प्रवेश नाही. म्हणून तो घाटकोपर पश्चिमेला एका दुकानात गेला. काउंटरवर बांगड्या, पिना आणि चार बायका होत्या. दुकानदाराने विचारले, “भाभी का रंग कैसा है?” लेखकाच्या डोक्यात फक्त बाटली होती. तो म्हणाला, “पारदर्शक.” चारही बायकांनी वळून पाहिले. लेखकाने काचेला लावायचे असल्याचा खुलासा केला, तेव्हा दुकानदाराने कोणत्या गाडीची, असे विचारले. खरेदी न करताच तो घरी आला आणि मुलीची गुलाबी बाटली उचलली. तिच्यात चमकी होती.

त्या रात्री शिकायला मिळाले ते असे: रंगीत नेलपेंट स्वतःच प्रतिदीप्त असू शकते. पेशीपेक्षा कड उजळ दिसू लागली. मूर्ती लहान आणि मंडळाची रोषणाई रस्ताभर, तसे. लेखकाने ती कड ॲसिटोनने पुसली, त्यात कव्हरस्लिप सरकता सरकता राहिली. दुसऱ्या दिवशी मुलीनेच रंगहीन बाटली आणून दिली आणि वर सांगितले, “बाबा, आधी चार कोपरे लाव, सुकू दे, मग कडा.” तीच बरोबर पद्धत आहे. काचेवर ग्लिसरॉल सांडलेले असल्यास ते आधी टिपून घ्यावे. त्यावर नेलपेंट धरत नाही. जीएफपी हे प्रतिदीप्त प्रथिन असलेल्या नमुन्याला नेलपेंट जपून लावावे. आतल्या द्रावकाने त्याची चमक जाते.

चौथा टप्पा साठवणीचा. क्षयाच्या तपासणीतली थुंकीची स्लाइड यातून सुटते: ती ऑरामिनने रंगवतात, कव्हरस्लिप न लावता पाहतात आणि २४ तासांच्या आत वाचतात. तिथे निदान हवे असते, मिरवायचे काही नसते. मिरवण्याच्या स्लाइडचे मात्र तसे होत नाही. लेखकाने आपली स्लाइड प्राचार्यांना दाखवली, पाहणीला आलेल्या समितीला दाखवली, सोसायटीच्या सेक्रेटरींना रविवारी कॉलेज उघडून दाखवली. दर वेळी दिव्याचे शटर उघडे ठेवून आधी दहा मिनिटे माहिती सांगितली.

या स्लाइडची कव्हरस्लिप प्रयोगशाळेतल्या मामांनी पुसली होती. अल्कोहोलमधून काढून, मलमलीच्या फडक्यात, दोन बोटांत धरून; काच फुटू नये म्हणून ते त्या वेळी बोलत नसत. अशी सव्वीस वर्षे. त्या काचांखाली काय ठेवतात हे त्यांना कोणी दाखवले नव्हते. त्यासाठी वेळापत्रकात तास नव्हता, आणि तो मागावा असे कोणालाच वाटले नाही, लेखकालाही नाही. निवृत्तीच्या दिवशी लेखकाने मामांना बोलावले. मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला, वाकले, बराच वेळ पाहत राहिले.

“काळोखच आहे, सर,” ते म्हणाले. मग सरांना वाईट वाटू नये म्हणून, “पण काच स्वच्छ आहे.”

स्लाइड सुकेपर्यंत अंधारात आडवी ठेवावी. नंतर बंद पेटीत, चार अंशांना. ग्लिसरॉलमधली जास्त दिवस टिकवायची असल्यास उणे वीसला. पावसाळ्यात पेटी फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, काचेवर दव धरते. काचपट्टीच्या खरखरीत टोकावर नमुना, रंग, माध्यम व तारीख पेन्सिलीने लिहावी. मार्कर अल्कोहोलने पुसला जातो. ज्याला दाखवायची त्याला आधी स्टुलावर बसवावे, माहिती आधीच सांगून संपवावी आणि मग शटर उघडावे.