सभासद तात्या

लोणी स्टेशनच्या चौकात, टँकरच्या रांगेकडे पाठ करून, ‘पावडर कुठल्या संस्थेची?’ असं टपरीवाल्याला विचारणारे गृहस्थ दिसले की ते सभासद तात्या समजावेत. टपरीवाला म्हणतो, ‘मार्केट यार्डातली.’ तात्या म्हणतात, ‘म्हणजे खासगीच.’ आणि नाराजीने पितात. नाराजीने दुसराही पितात.

असे तात्या हवेली तालुक्यात गावोगाव सापडतील. उमेद थेऊरच्या यशवंत कारखान्याला ऊस घालण्यात गेली. शेअरचा दाखला देव्हाऱ्याशेजारी फ्रेममध्ये, चिंतामणीच्या फोटोपेक्षा दोन बोटं मोठा. कारखाना दशकाहून जास्त बंद राहिला तेव्हा तात्यांचं खरं नुकसान उसाचं झालंच नाही. ऊस काय, कुठेही जातो. पण वार्षिक सभेत उठून ‘अध्यक्षमहाराज, माझा एक मुद्दा आहे’ म्हणायची सोय गेली.

अशा उपाशी माणसाच्या हाती नातवाने उटीच्या सहलीहून आणलेली सुट्या चहाची पुडी पडली. त्यावर सहकारी संघाचं नाव! नातवाने मोबाइलवर बघून सांगितलं : इंडकोसर्व्ह, स्थापना १९६५, मुख्यालय कुन्नूर, निलगिरीतल्या छोट्या चहा उत्पादकांच्या सहकारी कारखान्यांचा संघ. तात्यांनी चष्मा पुसला. चहा अजून चाखायचा होता, पण पसंत पडला होता.

मग चौकशी सुरू झाली.

‘छोटा शेतकरी म्हणजे केवढा?’

‘चहा मंडळाच्या हिशेबात १०.१२ हेक्टरपर्यंत.’

‘पंचवीस एकरवाला छोटा? मग मी कोण, भूमिहीन?’ पण निलगिरीत बहुतेकांकडे एक-दोन एकरच, हे ऐकून ते निवळले. पान दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तोडणीला येतं, हे ऐकून हळहळले. इथे वर्षातून एकदा तोड, तीही चिठ्ठी मिळाली तर! साडेचार किलो ओल्या पानाचा साधारण किलोभर चहा होतो म्हटल्यावर त्यांनी पेन काढून पुडीवरच हिशेब मांडला. ‘बावीस टक्के रिकव्हरी! आपण अकरा-साडेअकराला फटाके वाजवायचो.’ चहातला उतारा म्हणजे पानातलं पाणी उडून जे उरतं ते, साखरेशी त्याचा संबंध नाही, असं नातू सांगायला गेला. तात्यांनी हात वर केला. ‘ते सोड. काटा कुणाचा? कारखान्याचा का बाहेरचा?’

खरं तर तिथलंही दुखणं ओळखीचंच. खुडलेलं पान त्याच दिवशी कारखान्यात पोचावं लागतं, म्हणून भाव पाडला तरी उत्पादकाला घरी ठेवून वाट बघता येत नाही. त्यासाठीच तर सहकार. हे मात्र तात्यांना समजवावं लागलं नाही. ते बराच वेळ गप्प बसले, आणि त्यांच्या बाबतीत बराच वेळ म्हणजे दोन मिनिटं.

चहा कसा करायचा, हेही नातवाने वाचून दाखवलं : उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, चार मिनिटांनी गाळायचं. काकूंनी ऐकून घेतलं, आलं ठेचलं, म्हशीचं दूध ओतलं आणि पातेल्याला तीन उकळ्या दिल्या. तात्यांनी बशीत ओतून फुर्रकन ओढला. ‘वा! सहकारी मालाची चवच वेगळी.’

काकू म्हणाल्या, ‘पुडी अजून फोडली नाही. तुम्ही हिशेब लिहिलाय तिच्यावर.’

तात्या डगमगले नाहीत. नातवाला म्हणाले, ‘कुन्नूरला पत्र लिही. दिवाळीला सभासदांना सवलतीत चहा किती किलो देतात, विचार. आणि सभा कधी असते?’