मोबाइल कंपनी बदलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (इंदिरानगर आवृत्ती)

ही मार्गदर्शिका नाशिकमधल्या इंदिरानगरच्या रहिवाशांसाठी आहे. पंचवटीकरांनी वाचायला हरकत नाही. टॉवर वेगळे असल्यामुळे फळ वेगळे मिळेल, त्याला आमचा इलाज नाही.

प्रथम कालगणना समजून घ्यावी. मोबाइल कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असतो. चंद्रालासुद्धा महिना पुरा करायला साडेएकोणतीस दिवस लागतात, पण चंद्राला भागधारक नसतात. या हिशेबाने वर्षात १३ रिचार्ज बसतात. आपल्या पंचांगात अधिक मास साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. कंपनीचा दरवर्षी येतो, आणि त्याचे वाण जावयाच्या थाटात तीच घेऊन जाते. दूरसंचार नियामक ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना बजावले, की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवा. त्यांनी ठेवले. ॲपमध्ये खाली, आणखी खाली गेलात की भेटतात.

३० दिवसांचा भेटला म्हणून हुरळून जाऊ नये. समजा, २८ दिवसांचे ३०० रुपये आणि ३० दिवसांचे ३३० रुपये. भागाकार करा: पहिला दिवसाला १० रुपये ७१ पैसे, दुसरा ११ रुपये. प्लॅनची किंमत कधीही अख्खी पाहू नये, दिवसाच्या भावाने पाहावी. हे गणित करायला सर्वोत्तम जागा म्हणजे इंदिरानगरचा बोगदा. संध्याकाळी तिथे अडकलेल्या माणसाला तिन्ही खासगी कंपन्यांचे सगळे प्लॅन तोंडपाठ होण्याइतका निवांतपणा मिळतो.

नंतर स्वतःचा वापर तपासावा. घरात वायफाय, ऑफिसात वायफाय, आणि फोनवर रोजचे दोन जीबी, जे रात्री बारा वाजता कोणाचेही भले न करता संपतात. आजोबांचा तर सगळा वापर सुप्रभाताच्या फुलांचा, तोही घरच्या वायफायवर. अशांसाठी ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले, त्यांची मुदत वर्षभरापर्यंत नेता येईल अशी सोयही केली. रिचार्जच्या दुकानात हा पॅक नाव घेऊन मागावा लागतो. नुसते ‘काका, स्वस्तातला द्या’ म्हटले, तर दोन जीबीवालाच मिळतो.

आता रेंज. इथेच बहुतेकांचा घात होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. रेंजची परीक्षा गच्चीवर घेऊ नये. गच्चीवर सगळ्याच कंपन्या सज्जन असतात. परीक्षा घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत, दार लावून, शक्यतो महावितरणने दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवली असेल त्या दिवशी घ्यावी. त्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन लागतात. ते वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे, कॉलेजला जाणाऱ्या पोराकडे आणि वॉचमनकडे मिळतात. काकूंचा फोन घेऊन बेडरूमच्या कोपऱ्यात ‘हॅलो, हॅलो’ करताना काकू दारात उभ्या राहतील. त्यांना कारण आधी सांगावे.

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा देशभर लोकांना बीएसएनएलची एकदम आठवण झाली. नंतरचे काही महिने सरकारी कंपनीचे ग्राहक वाढले. आपल्या कॉलनीतही तेव्हा सार्वजनिक क्षेत्राविषयी प्रेमाने बोलले जात होते. बीएसएनएलचे स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्राला अर्पण झाले. ते तुमच्या बेडरूमलाही अर्पण झाले आहे का, एवढे पाहून निर्णय घ्यावा. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर नकाशे असतात. नकाशात पूर्ण चार्वाक चौक रंगलेला दिसतो. भिंतींची जाडी त्यात धरलेली नसते.

प्रत्यक्ष विधी अगदीच किरकोळ आहे. पोर्ट असे इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, आपला दहा आकडी नंबर १९०० वर पाठवावा. रिचार्ज संपला असला तरी हा एसएमएस जाऊ द्यावा, असा ट्रायचा आदेश आहे. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. शुल्क ६ रुपये ४६ पैसे. यात कटिंगसुद्धा येत नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची ही सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. त्याआधी कंपनी बदलली की नंबरही बदलायचा, आणि तो गॅस एजन्सीपासून मामेसासऱ्यांपर्यंत सर्वांना कळवण्यापेक्षा माणसे आहे त्या कंपनीत दिवस काढत.

कोड आलाच नाही तर घाबरू नये, कारण शोधावे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसतील, पोस्टपेडचे बिल थकले असेल, किंवा गेल्या सात दिवसांत हरवलेले सिम बदलून घेतले असेल. आणि खरी अडचण वेगळीच निघते: सुनेच्या हातातला नंबर अजून सासऱ्यांच्या नावावर असतो. आधी नाव बदलायचे, म्हणजे सासऱ्यांना दुकानात नेऊन कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला लावायचे. ते विचारतात, ‘माझ्या नावावर काय वाईट चाललं होतं?’ या प्रश्नाचे उत्तर ट्रायच्या कोणत्याही नियमावलीत नाही.

कोड आणि आधार दिल्यावर नाशिकचा नंबर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत जातो. मुंबई हे वेगळे सर्कल, त्यामुळे मुलाने तिकडून आणलेल्या नंबराला पाच. या काळात जुन्या कंपनीचे फोन येतील आणि इतकी वर्षे न दिसलेला जिव्हाळा दिसेल. विरघळलात, तर अर्ज दिल्यापासून २४ तासांत माघारीचा एसएमएस त्याच १९०० वर करता येतो. शिल्लक पैसे आणि उरलेली मुदत मात्र नंबराबरोबर येत नाही, म्हणून प्लॅन संपत आल्यावरच निघावे. बदलाच्या रात्री काही तास फोन मुका होतो. दुसऱ्या दिवशी ओटीपी लागणारे कोणतेही काम काढू नये, आणि जुन्या कंपनीचे ऑटोपे आठवणीने बंद करावे.

पुढचे ९० दिवस हलता येत नाही. जॉगिंग ट्रॅकवर कोणी तरी तुमच्यापेक्षा स्वस्त प्लॅन सांगणारच. त्याला दिवसाचा भाव विचारावा, आणि तुम्हाला विचारला तर फोन आल्यासारखे करून पुढे चालू लागावे.