बेळगाव ते मुंबई : कावळ्याचे अंतर

बेळगाव ते मुंबई हे अंतर रस्त्याने सुमारे ४८५ किलोमीटर आणि हवेतून सुमारे ४०० किलोमीटर आहे. मधले ८५ किलोमीटर वंटमुरी, तवंदी, खंबाटकी, खंडाळा हे घाट थोडेथोडे खातात. बाकीचे पुणे खाते. महामार्गाला पुण्याला वळसा दिल्याशिवाय मुंबई गाठता येत नाही. विमानाला पुणे टाळता येते, हा त्याचा फारसा न सांगितला गेलेला गुण आहे.

बेळगावकर मात्र हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही. त्याचे एकक 'एक रात्र'. जेवून ट्रॅव्हल्सच्या गाडीत आडवे व्हावे, कोगनोळीच्या नाक्यापुढे राज्य बदलावे आणि झोपेत त्याचा पत्ताही लागू नये. जागेपणी हेच राज्य बदलायला १९५६ पासून प्रयत्न चालू आहेत.

हवाई अंतराला कावळ्याचे अंतर म्हणण्याची पद्धत आहे. सांबऱ्याच्या विमानतळावरून बंगळूरचा विमानतळ या मापाने सुमारे ४४० किलोमीटर पडतो, म्हणजे कावळ्याच्या मते मुंबई ४० किलोमीटरने जवळ. सीमावाद सोडवण्यासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगासमोर कावळ्याची साक्ष झाल्याचे ऐकिवात नाही.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, दुसऱ्या महायुद्धातली. आजही तिथे वायुसेनेचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि प्रवाशांसाठीची नवी इमारत २०१७ साली उघडली. तिकिटावर मुंबईचा प्रवास साधारण एक तास दहा मिनिटांचा दिसतो. ही वेळ उड्डाणाची नसते. चाकांखालची ठोकळी काढल्यापासून मुंबईत ती पुन्हा लावेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगणे आणि मुंबईच्या आकाशात उतरायच्या परवानगीची वाट पाहत घिरट्या घालणे धरलेले असते. घिरट्या झाल्या नाहीत तर विमान 'वेळेआधी' पोचते आणि त्याचे श्रेय जाहीर घोषणा करून घेतले जाते.

ठोकळी काढण्याआधीचा वेळ कोणत्याच वेळापत्रकात नसतो. त्यात शहरापासून सांबऱ्यापर्यंतचे दहाएक किलोमीटर, पोचवायला आलेले चार नातेवाईक आणि दोन किलो कुंदा हातात न्यावा की सामानात टाकावा यावरची चर्चा येते. पैकी चर्चेला सर्वाधिक वेळ लागतो.

निपाणीकराचे गणित आणखी निराळे. त्याला कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ चाळीसेक किलोमीटरवर, पण परराज्यात. सांबरा त्याच्या दुप्पट दूर, पण आपल्याच जिल्ह्यात. कोल्हापूरचे तिकीट मिळाले नाही की उत्तरेच्या मुंबईसाठी तो पहाटे उठून दक्षिणेला निघतो. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, वंटमुरीचा घाट आणि काकती मागे टाकत दीड-दोन तासांत तो सांबऱ्याला पोचतो. आता नकाशावर सांबरा ते मुंबई अशी सरळ रेघ ओढली, तर ती निपाणीला जवळजवळ चाटून जाते. वैमानिकाने ती रेघ पाळली आणि ढग आडवे आले नाहीत, तर उड्डाणानंतर दहा-बारा मिनिटांत उजव्या खिडकीतून निपाणीकराला आपले गाव दिसते. दाराला कुलूप लावले की नाही, एवढे मात्र त्या उंचीवरून कळत नाही.