शंभराचा पाढा

जर्मनीत एमएस करायला गेलेला मराठी मुलगा तुमच्याही ओळखीत असेलच. उतरल्या उतरल्या विमानतळावर पाण्याच्या बाटलीची किंमत बघून तो जो गुणाकार सुरू करतो, तो वर्षभर थांबत नाही. साडेतीन युरोची कॉफी? 'साडेतीनशे!' सात युरोचा डोनर? 'सातशे! यात चौघांची मिसळ झाली असती, तर्रीसकट.' केस कापायला वीस-पंचवीस युरो पडतात हे कळल्यावर तो चार महिने जटा वाढवतो आणि शेवटी रूममेटच्या ट्रिमरखाली मान देतो. 2025मध्ये युरोने शंभरी ओलांडली, तेव्हा पाढा तेवढा सोपा झाला. नुसती दोन शून्यं लावायची. तिथे पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते, म्हणजे पाढ्याने पंचवीस रुपये. 'वापरून झाल्यावर चुरगाळा' हे आपल्याकडच्या बाटल्यांवर वाचत वाढलेला हा गडी पहिली बाटली इमानेइतबारे चुरगाळतो. सुपरमार्केटातल्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राला बारकोड वाचता येत नाही आणि ते बाटली परत बाहेर ढकलतं. पंचवीस रुपये बुडाले! त्यानंतर रिकाम्या बाटल्या तो अंड्यांसारख्या जपतो.

याला कंजूष म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते पटत नाही. कंजूष माणूस स्वतःचे पैसे राखतो, याचे पैसे मुळात याचे नसतातच. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरावे लागतात आणि त्यातले 992 दरमहा हातात पडतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते हे खरं, पण ही रक्कम रुपयांतच उभी राहिलेली असते: कर्ज, वडिलांचा पीएफ, मोडलेली एफडी. गुणाकार करताना तो कॉफीची किंमत काढत नसतो, घरातून किती गेले ते मोजत असतो. कुणी म्हणेल, मग कमाई सुरू झाली की हे थांबायला हवं. थांबतंही, पण कसं ते बघा. अर्धवेळ कामाचा पहिला पगार आला की पाढ्यातून कॉफी सुटते, मग डोनर. घरभाडं मात्र कर्ज फिटेपर्यंत सुटत नाही. आणि नाइलाजाने हेही मान्य करावं लागतं की भारतातून नव्याने आलेल्या पोराला स्टेशनवरून आणून खिचडी घालताना, स्वतःची गादी देऊन जमिनीवर झोपताना, हा पठ्ठ्या एकदाही पाढा म्हणत नाही.

पुढे नोकरी लागते, तो सुट्टीवर पुण्यात येतो आणि भागाकार सुरू होतो. रिक्षाचे दीडशे म्हणजे दीड युरो, मिसळ सव्वा युरो. 'किती स्वस्त आहे गं इथे!' भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालून पोराचं शिक्षण केलेल्या आईला यावर काय बोलावं ते सुचत नाही. तोवर पाढा सोसायटीभर पाठ झालेला असतो. त्याच्या पगाराला शंभराने गुणून स्थळं येऊ लागतात. कर, विमा आणि म्युनिकचं घरभाडं गुणायला कुणालाच सवड नसते.