नावाने खडे मोजा : नवशिक्यांसाठी कृती

साहित्य : ग्रीक वर्णमालेतली २४ अक्षरं, वापरातून गेलेली ३ जुनी अक्षरं, मूठभर खडे आणि एक नावडता माणूस. खडे अशासाठी, की या विद्येचं नाव इसोप्सेफी. ‘इसोस’ म्हणजे समान, ‘प्सेफोस’ म्हणजे खडा. जुने ग्रीक हिशेब खड्यांनीच करत.

कृती :

१. अक्षरांचे भाव ठरवून घ्या. पहिल्या नवांना १ ते ९, पुढच्या नवांना १० ते ९०, उरलेल्यांना १०० ते ९००. २४ अक्षरं पुरत नाहीत. मग ६, ९० आणि ९०० या जागांवर डिगामा, कोप्पा आणि साम्पी या निवृत्त मंडळींना पुन्हा कामावर बोलवा.

२. ‘आमेन’वर हात बसवा. अल्फा १, म्यू ४०, ईटा ८, न्यू ५०. झाले ९९. इजिप्तमधले ख्रिस्ती लोक पत्राखाली कधीकधी ‘आमेन’ऐवजी नुसता हा आकडाच लिहीत.

३. आता नावडता माणूस घ्या. ‘नेरोन’, म्हणजे रोमन सम्राट नीरो : ५०, ५, १००, ८००, ५०. बेरीज १००५. ‘स्वतःच्या आईला मारलं’ याचे ग्रीक शब्द तीन : ७५, ४५४, ४७६. बेरीज पुन्हा १००५! रोममध्ये फिरलेला हा टोमणा रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवून ठेवलाय. सम्राटाच्या नावाने खडे फोडायचेच, तर असे मोजून फोडावेत.

४. बेरीज जुळत नसेल, तर घाबरू नका. बायबलातल्या ६६६ या ‘पशूच्या आकड्या’साठी दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिस्ती धर्मगुरूने ‘लातिनोस’ आणि ‘तितान’ ही नावं तपासली. दोन्हींची बेरीज ६६१, म्हणजे पाच कमी. एप्सिलॉनचा भाव नेमका पाच! ‘लातेइनोस’, ‘तेइतान’ असं लिहिलं की काम फत्ते. तेव्हा असं लेखन खपतही असे. ठामपणे कुणाचं नाव घेणं मात्र त्याने टाळलं. नवशिक्यांनी हा संयम शिकू नये, मजा जाते.

५. उलटा हिशेब करू नका. ७९ साली राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत एकाने भिंतीवर लिहिलंय, की आपलं प्रेम जिच्यावर आहे तिचा आकडा ५४५. त्या बेरजेची नावं ढीगभर निघतील.

टीप : या विद्येत उत्तर आधी माहीत असावं लागतं. पॉम्पेईतली सगळी गल्ली ती भिंत वाचून डोकं खाजवत राहिली असेल. तिने मात्र फक्त स्वतःचं नाव मोजलं असेल.