गरजवंत

नानांना कोणी ‘हौशी’ म्हटलेलं खपत नाही. हौस म्हणजे पैशाची नासाडी आणि नासाडी आपल्या रक्तात नाही, असं ते स्वतःच सांगतात. ते घेतात त्या फक्त गरजेच्या वस्तू. फरक एवढाच, की चारचौघांना आधी गरज पडते आणि मग वस्तू येते. नानांकडे वस्तू आधी येते आणि गरज मागाहून पत्ता विचारत, धापा टाकत पोहोचते.

नाना नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. १९२८ पासून जिथे नोटा छापतात, तिथे या माणसाने उभी हयात काढली. डोळ्यांसमोरून रोज एवढा पैसा जायचा, पण गेटवर झडती. कागदाचा कपटाही बाहेर नेण्याची सोय नाही. त्यामुळे नोटेविषयी त्यांच्या मनात एक धाक आहे. बिटको चौकात भाजीवालीला दहाची नोट द्यायची तर आधी ती उजेडात धरतात, उलटी करून बघतात, कोरी निघाली तर पुन्हा पाकिटात ठेवून मळकी शोधतात. तोवर भाजीवाली तिसऱ्या गिऱ्हाइकाची जुडी बांधून मोकळी होते. मोबाइलवर मात्र हेच नाना उजव्या अंगठ्याने अडीच हजार पाठवतात आणि डाव्या हाताने चहा पीत राहतात. जो पैसा छापलाच नाही, तो खर्च झाला कसा म्हणायचा?

गरज आणि हौस यांतला फरक हा त्यांचा आवडता विषय. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना तो तोंडपाठ झाला आहे. “आमच्या वेळी बघ,” नाना सुरू करतात, “स्कूटरला नंबर लावला तेव्हा माझं लग्न ठरायचं होतं. स्कूटर आली तेव्हा थोरली बालवाडीत जात होती.” गॅसला नंबर, टेलिफोनला नंबर. मला विचाराल तर नानांच्या या रडगाण्यात तथ्य आहे. तेव्हा गरज कोणती आणि हौस कोणती, याचा निवाडा रांगच करायची. नंबर येईपर्यंत जी इच्छा तग धरायची ती गरज. बाकीच्या वाटेतच गळून पडायच्या. खरेदीलाही वर्षाचे साडेतीन मुहूर्त होते. मायको, एचएएल, प्रेस, कंपनी कुठलीही असो, बोनस हातात पडला की मंडळी दसरा-पाडव्याला मेनरोड गाठायची आणि पुढच्या वर्षापर्यंत गप्प बसायची. १९९१ नंतर रांगा हळूहळू विरल्या. आता तर प्रजासत्ताक दिनाचा सेल, स्वातंत्र्य दिनाचा सेल. उरलेल्या दिवशी ‘आज रात्री बारापर्यंतच’.

रांग गेली म्हणून नानांनी स्वतःचा नियम काढला. वस्तू आवडली की लगेच घ्यायची नाही. ती यादीत टाकायची, रात्रभर झोपायचं. सकाळी आठवली तर गरज, नाही आठवली तर हौस. नियमात खोट काढायला जागा नाही. पण सकाळी सहाला फोन किणकिणतो, ‘तुमची वस्तू वाट पाहत आहे, फक्त दोन नग शिल्लक’. नाना उठून बसतात. “बघ, आठवली!”

अशा रीतीने घरात आलेल्या गरजांमध्ये सोनाराचा काटा आहे (भाजीवाली पाव किलोत किती मारते ते बघायला, अजून एकदाही मारलेली नाही, त्यामुळे नानांचा हिरमोड होतो). तांब्याची बाटली आहे. जिथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी लोक दुरून येतात, त्या नाशकात ती खोक्यात बसून परराज्यातून आली. आणि लेबलं छापायचं यंत्र आहे. ते आलं त्या आठवड्यात नाना झोपलेच नाहीत. ‘साखर’, ‘मीठ’, ‘तूरडाळ’ झाली. मग ‘तूरडाळ (जुनी)’. मग फ्रिजवर ‘फ्रिज’. देवघरातल्या डबीवर ‘हळद’ आणि शेजारच्या डबीवर ‘कुंकू’, म्हणजे गोंधळ नको. उरलेल्या पट्टीवर ‘लेबल यंत्र’ छापून यंत्रालाच चिकटवलं, तेव्हा काकू म्हणाल्या, “आता एक माझ्या कपाळावर लावा. विसरायला होतं तुम्हाला.”

काकूंनी असं म्हणायला कारण होतं. दिवाळीपासून स्वयंपाकघरातला नळ गळत होता. त्याला एक वॉशर हवा होता, पाच-दहा रुपयांचा. पण ही खरीखुरी गरज असल्यामुळे नानांच्या पद्धतीत ती बसेना. एकटा वॉशर मोबाइलवर मिळत नाही, त्याच्यावर सूट नाही, तो सकाळी सहाला आठवणही करून देत नाही. तो फक्त रात्रभर ठिपकतो. काकू खाली बादली लावत राहिल्या.

शेवटी नानांनी मनावर घेतलं आणि नळदुरुस्तीची पेटी मागवली. छत्तीस नग. चार पाने, दोन पक्कडी, टेप, ब्रश, कपाळाला बांधायचा दिवासुद्धा. नानांनी दिवा बांधला, ओट्याखाली शिरले, नळ खोलला. पेटीतले वॉशर अर्ध्या इंचाचे सोडून बाकी सगळ्या मापांचे निघाले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी प्लंबरला बोलावलं. त्याने खिशातून वॉशर काढला, पाच मिनिटांत नळ बंद केला. निघताना त्याची नजर पेटीवर गेली. एक पाना उचलून तो म्हणाला, “काका, हा दोन दिवस न्यू का? माझा कालच मोडला. लई गरज आहे.”

नानांचा चेहरा असा फुलला, की काकूंनी पुढचं आधीच ओळखलं आणि डोक्याला हात लावला.

“ऐकलंस? गरज! मी म्हणत नव्हतो?” नानांनी पाना स्वतः पुसून त्याच्या हातात दिला, त्याला जिन्यापर्यंत सोडून आले आणि आल्या आल्या मोबाइल उघडून बसले.

“आता काय शोधताय?”

“पाना. आपला त्याच्याकडे गेला ना! आता घरात लागला तर?”